पाव फेरा

१

जावई मेला मंगळवारी सकाळी. मी पोचले शुक्रवारी, आणि पोचल्या पोचल्या चहा, बिस्किटं आणि गुन्हेगार असं सगळं एकाच ट्रेमध्ये माझ्यापुढे आणून ठेवण्यात आलं.

"यात गुंता असा काही नाहीच, मॅडम," तिथले मोठे साहेब म्हणाले. त्यांच्या हातात एक पेन होतं आणि ते सारखं टकटक करत होते. "सासऱ्याने चाक फिरवलं, जावई गेला. तुम्ही तसा अहवाल द्या. उद्या संध्याकाळी पोलीस त्याला घेऊन जातील."

असं तयार उत्तर कुणी हातात ठेवलं की माझं डोकं फिरतं. बावीस वर्षं मी कारखान्यांतले आणि खाणींतले अपघात तपासते आहे. तोंडावर लोक मला तपासणीबाई म्हणतात. मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण ते लिहिण्यासारखं नाही.

"आधी चाक म्हणजे काय ते सांगा," मी म्हटलं. "मग सासऱ्याकडे वळू."

साहेबांनी सांगितलं ते असं. जमिनीतून तेल काढायची ही जागा. चाळीस विहिरी. प्रत्येक विहिरीच्या पाइपावर झडपा, आणि झडपेवर ट्रकच्या स्टिअरिंगएवढं लोखंडी चाक. तीस वर्षं ही चाकं माणसं हाताने फिरवत आली. आता झडपेवर मोटार बसवायची आणि लांबच्या खोलीत बसून पडद्यावरचं बटण दाबायचं, असं वरून आलं होतं. हातवाल्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा कंपनीने तोडगा काढला: सहा आठवडे एक विहीर यंत्रावर चालवायची, शेजारची हातावर. ज्याचं काम सरस, त्याचं पुढे चालू. नियम एकच होता आणि त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. यंत्राच्या विहिरीला कुणी हात लावायचा नाही.

"यंत्र हरलं असतं तर?" मी विचारलं.

"हरण्याचा प्रश्नच नव्हता. मी वर कळवूनसुद्धा टाकलं होतं."

स्पर्धा संपायच्या आधीच निकाल कळवणारा माणूस. हे मी मनात नोंदवून ठेवलं.

मंगळवारी दहा वाजता यंत्राच्या विहिरीची झडप पडद्यावरून बंद केली. सव्वादहाला फिटर त्या पाइपाचा सांधा खोलून वॉशर बदलायला खड्ड्यात उतरला. पावणेअकराला साहेब फेरीवर आले तेव्हा तो तळाशी गुडघ्यांवर वाकलेला, गेलेला होता. विषारी वायू. जड वायू तळाला साचतो, आणि धोक्याची घंटा होती वर, खड्ड्याच्या काठावर. ती वाजलीच नाही. मग लाल बटण दाबून विहीर बंद केली, पाइपातला माल दुसरीकडे सोडला, वीज तोडली, कमरेच्या दोराने प्रेत वर ओढलं. सव्वाअकराला पाहतात तर झडपेचं चाक तीन फेरे उघडं.

फिटर म्हणजेच जावई. त्याचा सासरा इथला सगळ्यात जुना चाकवाला; सगळे त्याला चाककाका म्हणत. ज्या मोटारींमुळे सासऱ्याची नोकरी जाणार होती त्या मोटारी बसवत होता जावई. तीन महिने दोघांचं बोलणं बंद होतं.

"झालं की नाही सरळ?" साहेब म्हणाले. "आणि साक्षीदारही आहे."

"कोण?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काकांची स्वतःची मुलगी."

२

ती तेलाचे नमुने तपासायच्या खोलीत कामावर होती. नवरा जाऊन तीन दिवस झाले होते आणि ही बाई पांढरा कोट घालून काचेच्या नळ्या विसळत होती.

"घरी बसून काय करू?" माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न तिने ओळखला असावा. "आणि घर तरी कुठलं? बाबांकडे मी जात नाही. मैत्रिणीकडे राहते आहे."

"काय पाहिलंस ते सांग."

तिने खिडकीकडे बोट केलं. समोर साठेक पावलांवर ती झडप, आणि तिच्यापलीकडे खड्ड्याचा कठडा. "साडेदहाचा नमुना मी इथे उभी राहून घेते. बाबा चाकाशी उभे होते. हात चाकावर होता."

"फिरवत होते?"

"पाठ होती माझ्याकडे. हात दिसला." तिने नळी पालथी घातली. "पोलिसांना ते म्हणाले, मी तिथे गेलोच नाही. बाई, माझे बाबा रागीट आहेत, हट्टी आहेत, सगळं आहे. पण खोटं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं."

मी वही मिटली.

"एक सांगाल का?" ती म्हणाली. "त्यांनी केलं असेल तर केलं म्हणा. नसेल केलं तर नाही म्हणा. पण मधलंच काहीतरी गुळमुळीत सांगू नका. मला ठरवायचं आहे, मला बाप उरला आहे की नाही."

कपाटातून तिने एक पिशवी काढून दिली. त्या दिवशीचे त्याचे कपडे होते. निळा डगला, पँट, मोजे. डगल्याच्या बाहीवरची इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पँटीच्या गुडघ्यांवर मातीचे दोन गोल, बाकी सगळं स्वच्छ. मी घडी घालून परत दिले.

"मी धुतले नाहीत हं," ती घाईघाईने म्हणाली. "आले तसेच ठेवलेत."

मला तेव्हा वाटलं, बिचारी वासासाठी ठेवते आहे. माझं डोकं कधीकधी फार मंद चालतं.

३

चाककाकांचं घर म्हणजे कामगार वस्तीतल्या दोन खोल्या. काका बारीक, वाकलेले, पण तळहात असे की माझे दोन्ही त्यात मावले असते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः ट्रंकेवर बसले.

आतून नळ गळत होता. टप. टप. टप.

"मी त्या विहिरीकडे गेलो नाही," काका म्हणाले. "सही केली होती मी. हात लावायचा नाही म्हणजे नाही."

टप. टप.

"काका, आधी तो नळ बंद करा हो. डोकं उठलं माझं."

ते उठले. दारातून मला दिसत होतं. त्यांनी नळ घट्ट आवळला, थेंब थांबला, आणि लगेच मनगट थोडंसं उलट फिरलं. ते येऊन बसले. टप. टप.

"नळ बदला की."

"नळाला काय झालंय? चांगला आहे." क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "आमच्या घरात सगळे नळ गळतात. पोरगी लहानपणापासून ओरडते. लग्न झाल्यावर म्हणाली, सुटले बाबा. तर जावयाच्या घरीही तेच." हसू गेलं. "चार वर्षं माझ्या हाताखाली होता तो. मीच तयार केला. आणि मोटारी बसवायला गेला."

"म्हणून राग होता?"

"होता की. आहे म्हणा. मेला म्हणून राग लगेच जातो असं थोडंच असतं?"

खरं बोलणारा माणूस असा बोलतो. म्हणूनच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. रागाबद्दल जो इतकं मोकळेपणाने बोलतो, तो साडेदहाबद्दल खोटं का बोलतो?

"काका, तुमच्या लेकीने तुम्हाला पाहिलंय. हात चाकावर होता."

ते ट्रंकेवरून अर्धे उठले.

"तिनं पाहिलं?"

"हो."

"मग तिचंच खरं धरा," काका म्हणाले. "लिहा मी केलं म्हणून. कुठे सही करू सांगा."

४

गुन्हा कबूल करायला एवढी घाई झालेला माणूस मला आवडत नाही. संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, आणि तो दुसऱ्याच कुणाबद्दल तरी वाढतो.

पडद्याच्या खोलीत बसणाऱ्या इंजिनिअरला कामगार रिमोट म्हणत. तिशीतला, हुशार, आणि फार गोड बोलणारा. खोली थंडगार. भिंतीला सहा पडदे, कोपऱ्यात यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकांचा ढीग, वरच्यांचं प्लास्टिकही फाडलेलं नाही.

"बसा ना मॅडम. चहा?" त्याने कप पुढे केला, स्वतःचा बोटांच्या टोकांनी उचलला. उजव्या तळहातावर, बोटांच्या मुळाशी आडवी चिकटपट्टी होती.

"हाताला काय झालं?"

"इस्त्रीचा चटका. सकाळची घाई, दुसरं काय." शर्ट मात्र उशीखालून ओढून काढल्यासारखा होता.

त्याने कागद दाखवला. यंत्र दर अर्ध्या तासाने झडपेची अवस्था नोंदवतं. दहा वाजता: बंद. साडेदहा: बंद. अकरा वाजता वीजच नव्हती. "म्हणजे साडेदहा ते पावणेअकराच्या मध्ये कुणीतरी हाताने उघडली. यंत्राकडून उघडायचा हुकूम गेलेलाच नाही. हे बघा."

"यंत्र चुकत नाही?"

"यंत्राला राग येत नाही, मॅडम. यंत्राचं सासऱ्याशी भांडण नसतं." तो हसला. "माणूस दमतो, विसरतो, सूड घेतो. पडदा बंद म्हणतो म्हणजे बंद."

"पण बंद म्हणजे कुठे, हे त्याला कुणी सांगितलं?"

"आम्हीच. मोटार बसवली त्या दिवशी फिटरने चाक हाताने बंद केलं, मी इथे बटण दाबून नोंदवलं की हे बंद. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर पूर्ण बंद करायची वेळ मंगळवारीच आली."

"काका त्या सकाळी इथे आले होते का?"

"काका? छे." त्याने कप खाली ठेवला. "इथे ते येतच नाहीत. पडद्याचा राग आहे त्यांना."

मी तिथून थेट खड्ड्याकडे गेले. उतरले. माझे गुडघे मला शिव्या देत होते, पण उतरले. सांधा अजून तसाच खोललेला, पाइपाचं तोंड माझ्या छातीसमोर उघडं. जावई इथेच गुडघ्यांवर बसला होता. तळाशी कोरडी माती, त्याच्या गुडघ्यांचे दोन गोल ठसे अजून शाबूत.

आणि मग माझी ट्यूब पेटली. अगं बये, तो डगला!

विहीर चालू असताना झडप तीन फेरे उघडली तर या तोंडातून तेलाचा लोट आला असता. माणूस नखशिखांत भिजला असता, खड्डा भरला असता. आणि इथे इस्त्रीची घडी मोडलेली नाही, मातीतला ठसा पुसलेला नाही. लाल बटण दाबलं की विहीर बंद होते आणि पाइपातला माल दुसरीकडे सोडला जातो, हे साहेबांनीच सांगितलं होतं. पाइप रिकामा झाल्यावरच कुणीतरी चाक फिरवलं होतं.

म्हणजे झडप उघडली गेली ती जावई मेल्यानंतर. मग तो मेला कशाने?

५

लेकीला मी पडद्यासमोर उभं केलं, हातात वॉकीटॉकी दिला. रिमोट जेवायला गेला होता, आणि मी मुद्दाम ती वेळ साधली होती. मोठ्या साहेबांना म्हटलं, तुम्ही माझ्याजवळ उभे राहा आणि पेन खिशात ठेवा.

चाकाच्या एका आरीला लाल रंग होता. फेरे मोजायला चाकवाले तो लावतात. मी चाक धरलं आणि बंद करायला लागले. लोखंड हलायला तयार नव्हतं. एक फेरा. घाम. दोन. साहेब म्हणाले, मी करू का? मी म्हटलं, नको. तीन.

"बंद," वॉकीटॉकीतून लेकीचा आवाज आला. "पडद्यावर बंद दिसतंय."

मी हात काढणार होते. पण चाक अजून अडलेलं वाटत नव्हतं. मी जोर लावला आणि ते पुढे सरकलं. लाल आरी वरून बाजूला आली आणि मग कुठे खट् करून चाक बसलं.

पडदा बंद म्हणत होता, आणि झडप पाव फेरा उघडीच होती.

टप. टप. टप. माझ्या कानात काकांचा नळ वाजायला लागला. घट्ट आवळायचा, आणि मनगट थोडं उलट. नळ चांगला आहे. जावयाच्या घरीही तेच.

हात धुवायला गेले तर उजव्या तळहाताला चुरचुरलं. बोटांच्या मुळाशी, आडवे, तीन फोड. तीन फेऱ्यांत तीन फोड. मी त्या फोडांकडे बघत उभी राहिले आणि मला इतका संताप आला की साबण हातातून निसटला.

त्याच पावली मी काकांकडे गेले. खुर्चीवर बसलेसुद्धा नाही.

"काका, झडप बंद केल्यावर पाव फेरा मागे का घेता?"

"घ्यावाच लागतो." प्रश्न ऐकून ते गोंधळले. "आत जी पाटी असते ती जरा मोकळी राहिली की दाबानं आपोआप चिकटून बसते. करकचून आवळली तर अडकते. पहिल्या दिवशी हेच शिकवतो आम्ही. तीस वर्षं हात तसाच फिरतोय."

"सगळ्या झडपांना?"

"सगळ्या एकाच जातीच्या आहेत."

"मोटारवालीसुद्धा?"

काकांनी हळूच आपला तळहात वर करून पाहिला.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच ती थरथरत होती."

६

शनिवारी सकाळी पडद्याच्या खोलीत मी चौघांना बसवलं. काका दाराशी, लेक त्यांच्यापासून जितकी लांब बसता येईल तितकी लांब. मोठे साहेब. आणि रिमोट, आपल्या खुर्चीत.

कोपऱ्यातल्या ढिगातली नव्या झडपेची पुस्तिका मी आदल्या संध्याकाळीच फोडली होती. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत होतं: ही झडप पूर्ण घट्ट आवळावी, मागे घेऊ नये. मोटारीबरोबर झडपही नवी बसवली होती आणि ती वेगळ्या जातीची होती. जुनीला जे हवं, तेच हिला घातक.

"मोटार बसवली त्या दिवशी," मी म्हटलं, "फिटरने चाक बंद केलं, आणि सासऱ्याने शिकवल्याप्रमाणे पाव फेरा मागे घेतला. हात आपोआप फिरतो, त्याला विचारावं लागत नाही. इथे बसलेल्या या हुशार माणसाने बटण दाबलं: हे बंद. त्या क्षणापासून यंत्र पाव फेरा उघड्या झडपेला बंद म्हणत होतं. न चुकता, न दमता. मंगळवारी त्याच बारीक फटीतून तेल नाही, नुसता वायू निसटत राहिला आणि खड्ड्याच्या तळाशी साचला."

"म्हणजे चूक फिटरचीच की," मोठे साहेब पटकन म्हणाले.

"थांबा जरा. कुणाच्या डोक्यावर खापर फोडायची एवढी घाई का असते हो तुम्हाला? पुस्तिका वाचून चाकवाल्यांना सांगायचं काम कुणाचं होतं?"

रिमोट गोड हसला. "मॅडम, मान्य. हलगर्जी झाली. पण चाक तीन फेरे उघडं सापडलं ते? ते तर कुणीतरी हातानेच केलं."

"हो. जावई मेल्यानंतर. त्याचे कपडे कोरडे होते." मी माझा तळहात टेबलावर ठेवला. "काल मी ते चाक तीन फेरे फिरवलं. बघा. आता तुमची इस्त्री दाखवा."

त्याने हात मागे घेतला. साहेब उठले आणि त्यांनी, एरवी पेन सोडून काही न हलवणाऱ्या माणसाने, त्याचं मनगट धरून पट्टी ओढली. बोटांच्या मुळाशी आडवे तीन फोड, सुकायला आलेले.

"काकांचे हात बघा," मी म्हटलं. "तीस फेऱ्यांनीसुद्धा त्यांना फोड येणार नाही. आणि इथे चाक न फिरवलेले तुम्ही दोघेच. साहेब तर प्रेतासोबत फाटकापर्यंत गेले होते. सगळे तिकडे असताना हा एकटाच मागे राहिला."

"मी घाबरलो होतो," रिमोट म्हणाला. आवाजातली साखर गेली होती. "पडदा बंद म्हणत होता. मला काय माहीत..."

"माहीत होतं," दाराशी बसलेले काका म्हणाले. "मी सांगितलं होतं तुला."

लेकीने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

"साडेदहाला मी चाकावर हात ठेवला," काका म्हणाले. ते बोलत होते माझ्याशी, पण माझ्याकडे बघत नव्हते. "फिरवलं नाही. नुसता ठेवला. बंद झडप हाताला मेलेली लागते. ही थरथरत होती. याच्याकडे आलो, म्हटलं, आत माणूस आहे, झडप नीट बसली नाही, त्याला वर काढ. हा म्हणाला, काका, पडदा बंद म्हणतोय, तुमच्या हाताला म्हातारपण आलंय. नियम आठवतो ना, हात लावायचा नाही. मी निघून आलो."

"आणि?" लेकीने विचारलं.

"खड्डा वाटेतच होता. वीस पावलांवर." काकांचा आवाज फाटला. "बोलणं बंद होतं आमचं. म्हटलं, मी का पहिला बोलू? तो म्हणेल, सासरा मोटारीत खोड काढायला आला. एक हाक मारायची होती, पोरी. एवढीच. ती मी मारली नाही."

पडदे गुणगुणत होते.

"म्हणून आधी गेलोच नाही म्हणालात, आणि मग सही मागत होतात?" मी विचारलं.

"शिक्षा तर व्हायला हवीच ना, बाई. कशाबद्दल झाली, त्यानं काय फरक पडतो?"

लेक उठली आणि वडिलांच्या बाजूने, त्यांना न शिवता, बाहेर निघून गेली.

७

पोलिसांनी संध्याकाळी नेलं ते रिमोटला. ज्याने इशारा ऐकूनही माणूस आत ठेवला आणि मग मेलेल्याच्या सासऱ्यावर आळ घातला, त्याची दया मला तरी आली नाही.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "मग मॅडम, वर काय कळवू? हात की यंत्र?"

"दोघंही हरले म्हणून कळवा," मी म्हटलं. "यंत्राने हाताची सवय उचलली आणि हाताला ते कुणी सांगितलं नाही. यापुढे पडदा बंद म्हणाला तरी कुणी खड्ड्यात उतरायच्या आधी एका चाकवाल्याने हात लावून बघायचं. आणि पडद्यासमोर बसणाऱ्याने आठवड्यातून एकदा चाक फिरवायचं. फोड येतील. येऊ द्या."

त्यांनी ते लिहून घेतलं. बेचाळीस चाकवाल्यांच्या नोकऱ्या निदान यंदा तरी वाचल्या.

निघण्यापूर्वी झडप नीट बंद करून तिच्यावर सील लावायचं राहिलं होतं. मी काकांना बोलावलं. ते आले, चाकाशी उभे राहिले, पण हात पुढे करेनात.

"मी नको, बाई. दुसऱ्या कुणाला सांगा."

"तुम्हीच करा," मागून आवाज आला. पांढऱ्या कोटात लेक उभी होती. डोळे सुजलेले होते. ती येऊन चाकाच्या दुसऱ्या बाजूला थांबली. "माझ्यासमोर करा."

काकांनी चाक धरलं. पोलिसांना दाखवायला मी चाक पुन्हा एक फेरा उघडून ठेवलं होतं. लाल आरी खाली गेली, वर आली, फिरली. खट् करून चाक बसलं. काका थांबले. आणि त्यांना कळायच्या आत, तीस वर्षांच्या सवयीने, त्यांचं मनगट उलट वळायला लागलं.

लेकीने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि दाबून धरला.

"राहू द्या, बाबा."

काकांचे खांदे हलायला लागले. चार दिवस हा माणूस रडला नव्हता. आता चाकावर कपाळ टेकून तो लहान मुलासारखा रडला, आणि ती तशीच उभी राहिली, हात न काढता. तिचेही डोळे वाहत होते, पण चेहरा अजून रागावलेलाच होता.

"तुम्ही हाक मारायला हवी होती," ती म्हणाली.

"हो."

"हे मी विसरणार नाही."

"नको विसरूस."

मी सील लावलं. ते वाकडं बसलं. वर पाहिलं तर तिने वडिलांचा तो प्रचंड तळहात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता आणि कोटाच्या टोकाने त्याचं ग्रीस पुसत होती.

"सामान मैत्रिणीकडून उचलून आणते," ती म्हणाली. "आणि घरातले नळ आता मी बंद करत जाईन."